न वितळणारी छत्री

संध्याकाळी टेबलावर पांढरा कागद पसरला, दोन अळंब्यांचे देठ कापून त्यांच्या छत्र्या कागदावर ठेवल्या आणि दोन्हींवर काचेचा एकेक पेला उपडा घातला. बीजाणूंचा ठसा घ्यायची ही जुनी रीत. दोन्ही अळंब्या एकाच कुजक्या बुंध्यावरच्या, हातभर अंतरावर उगवलेल्या. एक गव्हाळ तपकिरी, बोटाच्या पेराएवढी, उभ्या रेघांची, माथ्यावर अभ्रकासारखे चकाकणारे बारीक कण. दुसरी जेमतेम नखाएवढी, फिकट राखी, मधोमध किंचित पिवळट, आणि इतकी पातळ की उजेडापुढे धरली तर आतल्या पट्ट्या बाहेरून मोजता याव्यात. सकाळी पेले उचलले. पहिलीच्या कडा विरघळून वर वळल्या होत्या आणि तिच्याभोवती काळं, दाट पाणी साचलं होतं. कागद त्या ओलाव्याने फुगला होता, वास कुबट आणि मातकट होता, बोट लावलं तर शाई लागावी तसं काळं झालं. दुसरी होती तशीच होती. थोडी आक्रसलेली, कडेला सुकलेली, पण अखंड. चिमट्याने हलकेच उचलली तर खाली काळसर रेघांचं चक्र उमटलेलं, एकेक पट्टी वेगळी ओळखू येईल इतकं स्वच्छ.

नावं शोधली. पहिली कोप्रिनेलस मायकेशियस, दुसरी कोप्रिनेलस डिसेमिनेटस. नावातला पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा तिच्यातल्या जातीचा. प्रजाती एकच.

एक रातोरात शाई होते, दुसरी कितीही वाट पाहिली तरी होत नाही, आणि तरी या दोघी सख्ख्या कशा, हे काही केल्या डोक्यातून जाईना. कारण या अळंब्यांचं वितळणं ही काही किरकोळ खूण नव्हे. ते एकदा पाहिलं की विसरता येत नाही. सकाळी टवटवीत उभी असलेली छत्री दुपारनंतर काठाकाठाने काळी पडायला लागते, काळे थेंब लोंबू लागतात, आणि दुसऱ्या दिवशी पाहावं तर पांढऱ्या देठांवर नुसत्या काळ्या चिंध्या. कुजणं वेगळं. कुजताना बाहेरचं कुणीतरी खात असतं. इथे अळंबी स्वतःच स्वतःला पचवते. तिच्याच पेशींमधली विकरं तिच्या पेशीभित्तिकांमधलं कायटिन तोडतात. मरण आलं म्हणून ती वितळत नाही. वितळणं हा तिच्या वाढीचाच शेवटचा टप्पा असतो.

तो कशासाठी, याचं उत्तर आर्थर बुलर यांनी दिलं. जन्माने इंग्रज, पण कॅनडात मॅनिटोबा विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवलेला हा माणूस. अळंबीतून बीजाणू बाहेर कसे पडतात, या एका प्रश्नामागे त्यांनी जवळजवळ सगळं आयुष्य लावलं. नेहमीच्या अळंबीच्या छत्रीखालची पट्टी वर जाड आणि खाली निमुळती असते. तिच्या दोन्ही अंगांवर सगळीकडे एकाच सुमारास बीजाणू पिकतात आणि खालच्या मोकळ्या हवेत पडतात. शाईवाल्या अळंब्यांच्या पट्ट्या अशा निमुळत्या नसतात. त्या वरपासून खालपर्यंत सारख्याच जाडीच्या, कागदासारख्या पातळ आणि एकमेकींना खेटून असतात. अशा चिंचोळ्या फटीत वरच्या टोकाला पिकलेला बीजाणू खाली येताना समोरच्या पट्टीला चिकटायचाच. म्हणून इथे पिकण्याला क्रम आहे. सगळ्यात खालच्या कडेचे बीजाणू आधी पिकतात, आधी उडतात, आणि ते उडून गेले की ती रिकामी झालेली कड विरघळते. मग तिच्या वरचा भाग मोकळ्या हवेपाशी येतो, त्याचे बीजाणू पिकतात, उडतात, तोही विरघळतो. असं करत करत छत्री खालून वर संपत जाते. त्या काळ्या पाण्यात दिसतात ते उडायचे राहून गेलेले बीजाणू. बहुतेक सगळे तोवर हवेत गेलेले असतात. आणि उडणंही कसं, तर बीजाणूच्या बुडाशी पाण्याचा एक सूक्ष्म थेंब जमतो, वाढतो, बीजाणूवरच्या ओलाव्यात एकदम मिसळतो आणि त्या झटक्याने बीजाणू सुटतो. त्या थेंबाला आजही बुलर यांचंच नाव आहे. हे सगळं वाचल्यावर मी कागदावरच्या त्या काळ्या डागाकडे पुन्हा पाहिलं. रात्रभर पेल्याखाली इतकं शिस्तीचं काम चाललेलं, आणि सकाळी मला दिसला तो फक्त पसारा.

मग वाटलं, ज्यांनी या अळंब्यांना पहिल्यांदा एका नावाखाली आणलं त्यांनी दुसरं काय करायचं होतं? १७९७ साली पेर्सून यांनी कोप्रिनस ही प्रजाती मांडली. केप ऑफ गुड होपला जन्मलेले आणि पुढे पॅरिसमध्ये हलाखीत दिवस काढलेले हे गृहस्थ. त्यांचा बुरशींचा संग्रह आज नेदरलँड्समध्ये लायडनला आहे. काळे बीजाणू आणि वितळून शाई होणारी छत्री, या दोन खुणा पुढची दोनशे वर्षं कोप्रिनसची ओळख राहिल्या. आणि ही ओळख खरोखर सोयीची होती. सूक्ष्मदर्शक नको, रसायनं नकोत. रानात चालताना कुणालाही दुरून म्हणता यायचं, ही कोप्रिनस.

अडचण होती ती त्या नखाएवढ्या राखी छत्रीची.

ती उगवते तेव्हा एकटीदुकटी उगवत नाही. लाकूड पार जुनं झालेलं असतं, साल सुटलेली असते, हाताने दाबलं तर भुसभुशीत लागतं, अशा बुंध्यावर किंवा जमिनीत गाडल्या गेलेल्या मुळांवर एका पावसानंतर शेकडोंनी छत्र्या येतात. देठ पांढरे, जवळपास पारदर्शक, सुतळीहून बारीक. नुसता हात फिरला तरी मोडतात. कोवळ्यांचा रंग मलईसारखा, मग राखी, मग आणखी गडद, आणि मग दोन-चार दिवसांत सगळा जमाव खाली बसतो. पण वितळत नाही. काळे बीजाणू, उभ्या रेघा, पातळ अंग, सगळं शाईवाल्यांचं. तेवढी शाई नाही. पेर्सून यांनीच १८०१ साली तिचं वर्णन केलं, तेव्हा तिला अ‍ॅगॅरिकस या भल्यामोठ्या प्रजातीत ठेवलं होतं. १८२१ साली ब्रिटनमध्ये ग्रे यांनी तिला कोप्रिनसमध्ये नेलं. १८७२ साली फ्रान्समध्ये तिची साथिरेलामध्ये बदली झाली. साथिरेला म्हणजे ठिसूळ देठाच्या, काळपट बीजाणूंच्या, न वितळणाऱ्या अळंब्या. त्या नियमाने ते बरोबरच होतं. पण तिच्या छत्रीचा पोत, तिच्या रेघा, पट्ट्यांमधल्या पेशींची मांडणी शाईवाल्यांचीच आहे, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहणाऱ्याला दिसत होतं. १९२८ साली रोबेर क्युनेर यांनी शेवटी तिच्यासाठी वेगळीच प्रजाती काढली, स्यूडोकोप्रिनस. ना इकडची ना तिकडची म्हणून तिला स्वतंत्र खोली. ही सगळी यादी मी एका कागदावर उतरवून काढली आणि त्या इवल्याशा अळंबीबद्दल मला एकदम माया वाटली. शंभरावर वर्षं शहाणीसुरती माणसं तिला हातात घेऊन विचारत राहिली की तू कुणाची?

या यादीत १९३८ सालाशी मी थांबले. त्या वर्षी डेन्मार्कच्या याकोब लांगे यांनी तिला कोप्रिनेलसमध्ये ठेवलं. कोप्रिनेलस हे नाव त्याआधी १८७९ साली फिनलंडच्या कार्स्टेन यांनी काढलं होतं. ते फारसं कुणी उचललं नाही, कारण कोप्रिनस एवढं ऐसपैस असताना वेगळ्या धाकट्या प्रजातीची गरज कुणाला वाटत नव्हती. लांगे यांच्याकडे डीएनए नव्हता, तशी शक्यताही कुणाच्या स्वप्नात नव्हती. होती ती नजर आणि हातातला कुंचला. अळंब्यांची रंगीत चित्रं काढण्यात त्यांची वर्षं गेली होती. आज त्या अळंबीचं जे नाव आहे ते लांगे यांनीच दिलेलं आहे. बाकी सगळ्या जगाला तिथवर पोचायला आणखी साठेक वर्षं लागली.

कॉलेजात आम्हाला शिकवणाऱ्या बाई प्रात्यक्षिकाच्या वेळी एक नियम फार कडकपणे पाळायला लावत. वहीत आधी चित्र, मग वर्णन, नाव सगळ्यात शेवटी. नाव आधी लिहिलं की बाई पान फाडायला लावायच्या. नाव लिहिलंस की बघणं थांबवतेस, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा तो जाच वाटायचा. बोटांना पेन्सिलीचं शिसं लागलेलं, काचपट्टीवरचा नमुना सुकत चाललेला, आणि पट्टीच्या कडेवरच्या पेशी एकेक करून काढायच्या. लांगे यांच्याबद्दल वाचताना बाईंचा तो करडा आवाज पुन्हा कानात आला. न वितळणं ही गोष्ट ठळक होती खरी, पण ती बाजूला सारून बाकीच्या सगळ्या बारकाव्यांना समान वजन द्यायचं, हे चित्र काढणाऱ्यालाच जमलं असावं. चित्रात काहीही गाळता येत नाही.

मग डीएनएचे दिवस आले. १९९४ साली हॉपल आणि विल्गॅलिस यांनी या अळंब्यांच्या नात्यांचा तशा पद्धतीने शोध घेतला, नंतर आणखी काम झालं, आणि २००१ साली स्कॉट रेडहेड, विल्गॅलिस, माँकाल्व्हो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोप्रिनसची रीतसर वाटणी करून टाकली. जे बाहेर आलं त्याने अनेकांना धक्का बसला. कोप्रिनस हे एक घराणं नव्हतंच. त्यातली सगळ्यात प्रसिद्ध, उंच, पांढरी, खवल्यांची अळंबी, कोप्रिनस कोमेटस, बाकीच्यांची जवळची कुणीही नव्हती. ती निघाली अ‍ॅगॅरिकसच्या, म्हणजे सगळीकडे वाढवल्या जाणाऱ्या बटण अळंबीच्या कुळातली. तिच्या देठावर सुटं कडं असतं, पोकळ देठाच्या आत तंतूंचा एक बारीक दोरा लोंबत असतो. या खुणा होत्याच, सगळ्यांना दिसत होत्या, पण तीही वितळते, या एका गोष्टीपुढे त्यांना कुणी मोजलं नाही. वितळण्याची युक्ती तिच्या वंशात वेगळी सुरू झाली होती आणि बाकीच्यांच्या वंशात वेगळी. आणि ज्या साथिरेलाकडे त्या राखी छत्रीला हुसकावून दिलं होतं, ती न वितळणारी मंडळीच बाकीच्या शाईवाल्यांची खरी भावकी ठरली. आता त्या सगळ्या मिळून साथिरेलेसी या एका कुळात आहेत. फ्रान्सवाले आणि ब्रिटनवाले, दोन्ही बाजूंचं थोडंथोडं बरोबर होतं.

नावाचं काय झालं, तो भाग मला सगळ्यात जिव्हारी लागला. नावांचा नियम असा की प्रजातीचं नाव एका ठरलेल्या जातीला बांधलेलं असतं, आणि ती जाईल तिकडे नाव जातं. कोप्रिनस हे नाव कोमेटसला बांधलेलं होतं. म्हणजे वाटण्या झाल्या आणि दारावरची पाटी घरातून एकट्या निघून गेलेल्या भावाच्या वाट्याला गेली. घरात राहिलेल्या सगळ्यांना नवी नावं शोधावी लागली. कार्स्टेन यांनी काढून ठेवलेली दोन जुनी नावं, कोप्रिनेलस आणि कोप्रिनॉप्सिस, पुन्हा वापरात आली, पॅरासोला हे एक नवं आलं. शेकड्यांनी जातींची नावं एका फटक्यात बदलली. पाटी घरातच राहावी, म्हणजे नाव बहुसंख्य जातींकडे ठेवून कोमेटसलाच दुसरं नाव द्यावं, असा प्रस्तावही त्याच वर्षी आला होता. तो मान्य झाला नाही. तो मान्य व्हायला हवा होता असं मला बरेच दिवस वाटत असे. आता वाटत नाही. नियम सोयीसाठी एकदा वाकवला की कुठल्या नावावर विसंबायचं हेच कळेनासं होईल. पण बुलर यांचं सगळं काम, प्रयोगशाळांमध्ये वर्षानुवर्षं वाढवलेल्या अळंब्यांवरचे शेकडो लेख, हे सगळं ज्या नावाने लिहिलं गेलं ते नाव आता त्या अळंब्यांचं उरलेलं नाही, ही रुखरुख काही जात नाही.

आणखी एक रुखरुख आहे, ती जास्त खोल. पूर्वी कोप्रिनस कुणालाही ओळखता यायची. आज कोप्रिनेलस म्हणजे नेमकं काय, असं कुणी विचारलं तर एका वाक्यात सांगता येत नाही. वितळतात, पण सगळ्या नाहीत. लाकडावर वाढतात, पण सगळ्या नाहीत. काही शेणावर, काही मातीत. छत्रीवर एकतर गोल पेशींचे सुटे कण असतात किंवा बारीक ताठ केस, काहींवर दोन्ही. नुसत्या डोळ्यांनी पाहणाऱ्याकडून ती प्रजाती काढून घेतली गेली, असं म्हणणारे लोक आहेत आणि त्यांचं दुःख मला समजतं. तरीही मी त्यांच्या बाजूने उभी राहू शकत नाही. ओळखायला सोपी म्हणून खोटी नाती मानत राहणं हा त्या अळंब्यांवर अन्यायच आहे. आणि डोळ्याला काही उरलंच नाही, हेही खरं नाही. ती राखी छत्री भिंगाखाली धरा. कोवळी असेल तर अंगभर उभी बारीक लव दिसेल, तिरप्या उजेडात अगदी स्पष्ट. मायकेशियसच्या माथ्यावरचे चकाकते कण पावसाच्या एका सरीने धुऊन जातात, म्हणून ती पाऊस पडायच्या आत पाहावी. एकेक कण म्हणजे गोल पेशींचा पुंजका असतो. या खुणा आधीही होत्याच. शाईच्या दिमाखापुढे त्यांच्याकडे बघायला फुरसत नव्हती इतकंच.

याच प्रजातीतल्या कोप्रिनेलस डोमेस्टिकसची गोष्ट तर डोळे उघडणारी आहे. ती कधीकधी ओल धरलेल्या घराच्या लाकडातही येते. तिची छत्री यायच्या आधी, किंवा छत्री येवो न येवो, लाकडावर नारिंगी तपकिरी, राठ केसांचा एक थर पसरतो. बोटाने दाबला तर उसळून वर येतो. जुन्या अभ्यासकांना हा थर एक स्वतंत्र बुरशी वाटला आणि त्यांनी त्याला ओझोनियम असं वेगळं नाव दिलं. पुढे कळलं की तो छत्रीवालीचाच, लाकडात शिरलेल्या तंतूंचा बाहेर आलेला भाग आहे. मला यातून एक गोष्ट नेहमी नव्याने जाणवते. आपण छत्रीवरून वाद घालतो, वितळते की नाही, कण आहेत की केस, पण छत्री चार दिवसांची. खरी बुरशी लाकडाच्या आत असते, महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं, आणि तिचं तिथलं काम आपल्याला दिसत नाही. लाकूड आधीच दुसऱ्यांनी पोखरलेलं असतं, तिथे या उशिरा येतात आणि उरलंसुरलं मोकळं करून मातीला देतात. आपली वर्गीकरणं बहुतेक त्या चार दिवसांच्या भेटीवर उभी होती.

वितळण्याचा इतिहास त्यानंतरच्या अभ्यासांत आणखी गुंतागुंतीचा निघाला. साथिरेलेसी कुळातही ही युक्ती एकाहून अधिक वेळा सुरू झाली आहे. म्हणजे वितळणं नात्याचा पुरावा म्हणून कच्चं होतं, पण जगण्याची रीत म्हणून ते इतकं उपयोगी की वेगवेगळ्या वंशांना ते पुन्हा पुन्हा सापडलं. आणि डिसेमिनेटस? तिची छत्री इतकी लहान, पट्ट्या इतक्या थोड्या आणि आखूड, की बीजाणूला पडायला फारसं अंतर कापावंच लागत नाही. तिला वितळायची गरज पडत नसावी, असं माझं मन सांगतं. माझ्या कागदावर उमटलेलं ते स्वच्छ चक्र पाहून तरी तसंच वाटतं. पण हा माझा कयास आहे, त्याला सिद्धान्त म्हणू नये.

२००१च्या वाटणीने प्रश्न मिटला असंही नाही. २०२० साली वेश्टर आणि मेल्ट्सर या दोघा अभ्यासकांनी साथिरेलेसी कुळाची पुन्हा एकदा, कितीतरी जास्त नमुने घेऊन, मांडणी केली. कोप्रिनेलसमधल्या केसाळ छत्रीच्या बऱ्याच जाती उचलून त्यांनी टुलोसेसस या नव्या प्रजातीत ठेवल्या. साथिरेलाचेही तुकडे झाले. डिसेमिनेटस मात्र केसाळ असूनही कोप्रिनेलसमध्येच राहिली. पुन्हा तीच, सोयीच्या रेषेच्या भलत्या बाजूला! हे वाचून मी खूश झाले, का ते नीट सांगता येणार नाही. काही संग्राहकांनी कपाळाला हात लावला, पुन्हा चिठ्ठ्या बदला म्हणून. मला मात्र नाव बदललं की बरं वाटतं. कुणीतरी कुठेतरी बसून, ज्या अळंबीला ना भाव आहे ना औषधात नाव, तिच्याकडे पुन्हा एकदा नीट पाहिलं, याची ती पोच असते.

माझ्या वहीत मायकेशियसपुढे अजून पेन्सिलीचं प्रश्नचिन्ह आहे. तिच्यासारखीच दिसणारी कोप्रिनेलस ट्रंकोरम नावाची एक जात आहे. तेच कण, तोच रंग, तोच बुंधा. दोघींना वेगळं काढायला जुनी खूण म्हणजे देठ. मायकेशियसच्या देठावर सूक्ष्मदर्शकाखाली बारीक लव दिसते, ट्रंकोरमचा देठ गुळगुळीत असतो. मी ठशासाठी छत्र्या जपून आणल्या आणि देठ कापून तिथेच टाकून दिले. आता पुन्हा पाऊस लागून राहिला की देठासकट, बुडाच्या लाकडाच्या तुकड्यासकट आणायच्या आहेत, आणि ठसा घ्यायच्या आधी चित्र काढायचं आहे.